आमच्या हॉलवरचं संशोधन

बिराजदार सर आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा मागवतात तो असा: "चहा अँड खारी, नॉट साखर."

पहिल्या दिवशी कॅन्टीनवाल्या मल्लूला वाटलं, मोठे सर आहेत, इंग्रजीत बोलताहेत. त्याने आदरापोटी चमचाभर साखर जास्तच घातली. सरांनी कप परत केला आणि गर्दीत उभ्या उभ्या त्याला समजावलं, की 'अँड' म्हणजे दोन्ही पाहिजेत, 'ऑर' म्हणजे दोन्हीतलं काहीही चालेल, आणि 'नॉट' म्हणजे ते ज्यात असेल ते समोर आणायचंच नाही. हल्ली मल्लूसुद्धा गिऱ्हाइकांना "भजी ऑर वडा?" असं विचारतो. मी गेली कित्येक वर्षं त्या कॅन्टीनमध्ये चहा पितो, पण माझं एकही वाक्य मल्लूने कधी उचललं नाही.

आता आधीच सांगून टाकतो. बिराजदारांविषयी मी जे काही लिहिणार आहे ते जळून लिहिणार आहे. वाचणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आम्ही दोघं सोलापुरातल्या एका इंटिरिअर डिझाइनच्या कॉलेजात शिकवतो. मी माने. कॉलेजात येण्याआधी मी प्रत्यक्ष कामं केलेली आहेत. जुळे सोलापुरात कुठल्याही चांगल्याशा बंगल्यात शिरा आणि मान वर करा, छताला जे फुलाफुलांचं पीओपी दिसेल ते बहुधा माझं. पोरंही मला मानायची. तास संपला तरी टेबलाभोवती घोळका असायचा. "सर, किचनचा ओटा केवढा घेऊ?" "सर, बेडरूमला कुठला रंग?" मी डोळे मिटून उत्तरं द्यायचो आणि ती चालायची.

मग कॉलेजने लायब्ररीसाठी डेटाबेस घेतला. डेटाबेस म्हणजे जगभरातल्या शोधनिबंधांचं आणि मासिकांचं कोठार. कॉम्प्युटरवर शब्द टाकायचे, की त्या विषयावर कुठल्या देशात कुणी काय लिहून ठेवलंय ते निघतं. लायब्ररीत कोपऱ्यात त्यासाठी एक कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्यावर कापडी झाकण होतं. ते झाकण काढणारा माणूस त्याच वर्षी आला. तो बिराजदार.

मूळचे अक्कलकोटच्या पुढच्या एका गावचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि तोंडात कायम डेटाबेस. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशात मोजपट्टी. नोकरी बंगळुरात केली, शेवटची वर्षं काढायला सोलापूरला आले. त्यांचा सगळा जीव एका शब्दात होता: पुरावा.

स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, की प्रिन्सिपॉल सर राजीनामा देणार आहेत, की बिराजदार मान वर करणार. "पीअर रिव्ह्यूड हाय का?" म्हणजे, दुसऱ्या चार जाणत्यांनी तपासून घेतलंय का. बहुतेक वेळा नसायचंच. मग गप्पा तिथंच आटायच्या. आमच्या एका मॅडमने एकदा जावेशी झालेलं भांडण सांगायला घेतलं. ते लग्नापासून सुरू झालं. बिराजदार म्हणाले, "मॅडम, फिल्टर लावा की. गेल्या पाच वर्षांतलं तेवढंच सांगा." त्या मॅडमनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते बिराजदारांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते लायब्ररीत जाऊन बसले.

माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती एका तासाला. मी पोरांना सांगत होतो, की हॉलला फिकट पिवळा द्यावा, घरात प्रसन्न वाटतं. दारातून आवाज आला, "कुणाला?"

मी म्हटलं, "काय कुणाला?"

"प्रसन्न कुणाला वाटलं, सर? कुठल्या गावच्या लोकांना? थंडीतल्या की उनातल्या?"

मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंना." पोरं हसली. मलाही बरं वाटलं, म्हटलं जिंकलो. पण तास संपल्यावर टेबलाभोवती कुणी थांबलं नाही. सगळी पोरं लायब्ररीत गेली होती, पिवळा रंग तपासायला. तिथं बिराजदार मधोमध बसलेले आणि घोळका त्यांच्याभोवती. माझाच घोळका. त्या दिवशी घरी जाऊन मी शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. ते झालेलं नव्हतं.

म्हटलं, यात काय मोठंसं, आपणही शिकू. पोरं घरी गेल्यावर एक दिवस मी गुपचूप लायब्ररीत गेलो. आमच्या लायब्ररीयन काझी मॅडम स्वभावाने चांगल्या. त्यांनी झाकण काढून दिलं, पासवर्ड टाकून दिला आणि आपल्या कामाला लागल्या. मी ऐटीत इंग्रजीत 'सोफा' असं टाइप केलं. ढीगभर निबंध निघाले. मी खूश. पहिला उघडला. त्यात अतिदक्षता विभागातले पेशंट होते. दुसरा उघडला, त्यात मूत्रपिंडं निकामी झालेली. तिसऱ्यात सोफ्याचा आकडा वाढला की माणूस दगावतो, असं स्पष्ट लिहिलेलं. मला घाम फुटला. पंचवीसेक वर्षं मी लोकांना सोफे करून देत होतो.

काझी मॅडम मागून डोकावल्या. "अय्यो सर, ये तो आयसीयूका निकला. डॉक्टर लोगां का कुछ मोजमाप रहता, उसका नाम है वो."

आणि त्यांच्या मागे बिराजदार उभे होते. ते हसतील म्हणून मी तोंड घट्ट करून बसलो. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "सोफा अँड फर्निचर, नॉट हॉस्पिटल. आसं टाका, सर. मीबी पैल्यांदा आसंच फसलो की." निबंध झपकन कमी झाले आणि खरोखरच्या सोफ्यांचे तेवढे उरले. माणूस हसला असता तर मला त्याचा राग नीट करता आला असता. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

त्यांच्या घराबद्दल तर बोलायलाच नको. विजापूर रोडला त्यांनी फ्लॅट घेतला आणि हॉल स्वतः केला. त्याचे फोटो वर्गात पडद्यावर दाखवले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. वास्तुशांतीला मी शोभाला घेऊन गेलो होतो, दोष काढायच्या तयारीने. दोष निघेना. पांढऱ्या भिंती, भिंतीत लपवलेले दिवे, एसी, दोन खुर्च्यांमधलं अंतर कुठल्याशा निबंधाप्रमाणे, खुर्चीची पाठ कुठल्याशा दुसऱ्या निबंधाप्रमाणे. कंबर अशी टेकली की मला माझी कंबर आहे हेच कळेना. शोभा म्हणाली, "बघा, आसं पायजे घर." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरीपण एक गोष्ट खरी, की हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी संपताच आम्ही उठलो. गॅसवर काहीतरी ठेवून आलोय असं शोभाने सांगितलं. गॅसवर काही नव्हतं. आमच्या आधी आलेलेही असेच उठून गेले होते, आणि आम्ही दारात चपला घालत असताना बिराजदार त्या सुंदर हॉलच्या मधोमध उभे होते.

मला त्या सगळ्यात एकच समाधान होतं आणि ते मी जपून ठेवलं होतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी, सुमा, बंगळुरात नोकरीला. ती दिवाळीला सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मुक्कामाला राहायची नाही. हे मला त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. मी तोंडाने "अरेरे" म्हटलं. मनात म्हटलं, कंबर टेकते, पण पोरगी टेकत नाही. असं मनात येणारा माणूस फार चांगला नसतो हे मला माहीत आहे, पण आलं होतं ते आलं होतं.

आणि मग यंदा नवरात्र संपता संपता शोभाने जाहीर केलं, की दिवाळीआधी आपला हॉल नव्याने करायचा.

आमचा हॉल मी लग्नानंतर केलेला. माझं पहिलं काम. सागवानी सोफा, त्यावर रेक्झिन, मधोमध बसलं की माणूस खाली जातो आणि उठताना हात द्यावा लागतो. दिवाण भिंतीला समांतर नाही, तिरका आहे, कारण खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरची हवा सरळ त्याच्यावर येते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्याला हवा मिळत नाही तो त्या घरात पुन्हा येत नाही. शोकेसमध्ये आमच्या मुलाचे बक्षिसाचे कप, लग्नात आलेल्या बाहुल्या आणि एक शिंपल्यांचा ताजमहाल. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मधे एक स्टूल, ज्याला येणारा प्रत्येक जण अडखळतो. मी शोभाला म्हटलं, "करू की. उद्याच ड्रॉइंग काढतो."

ती म्हणाली, "तुमी नका. बिराजदार सरांना विचारा की."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण निदान घरात तरी विकावं. ज्या माणसाने निम्म्या जुळे सोलापूरची छतं केली त्याचा स्वतःचा हॉल दुसऱ्याने करायचा, हे कॉलेजात कळलं असतं तर मी पोरांसमोर उभा कसा राहणार होतो? मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मग कळू देऊ नका."

शेवटी बिराजदारांना विचारलं. दुसरा एखादा माणूस खूश झाला असता, नाही तर नको म्हणाला असता. त्यांनी विचारलं, "बघायला यिऊ का? म्हंजे नुस्तं बसायला. काम नंतर."

ते आले आणि येतच राहिले. रोज संध्याकाळी चपला काढून, स्टुलाला अडखळून, दिवाणाच्या कडेला बसायचे. मी विचारलं, की डेटाबेस सोडून इकडे कसे? तर म्हणाले, "डेटाबेसमधे टाकलो की मी. सोलापूर अँड हॉल अँड पाहुणा. शून्य निकाल. डेन्मार्कचे हॉल हायत, जपानचे हायत. आपलं न्हाय. मग जिथं हाय तिथं जाऊन बघायचं, दुसरं काय?"

आणि बघायला आमच्याकडे तोटा नव्हता. आमच्या हॉलमध्ये माणसं असतातच. वरच्या मजल्यावरच्या येमूल काकू भाजी निवडायला खाली येतात, कारण त्यांना एकटीने भाजी निवडवत नाही. त्या आल्या की त्यांची सून त्यांना शोधत येते आणि तीही बसते. होटगीचे माझे साडू रेल्वेत आहेत. ड्युटी संपली की सोलापुरात काही काम असलं तर करतात आणि गाडीपर्यंत वेळ काढायला आमच्याकडे टेकतात, आणि दर दोन दिवसांनी त्यांची गाडी चुकते. माणसं जास्त झाली की शोभा आतून सतरंजी आणून टाकते. मला या वर्दळीचा वैताग आहे. मला कधी निवांत पेपर वाचायला मिळालेला नाही.

साडूंची गाडी चुकली तेव्हा बिराजदार थक्क झाले. "रेल्वेचा माणूस," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अन् गाडी चुकवतो? हे कसं काय, सर?"

मी म्हटलं, "आळशी आहे."

"पुरावा?"

त्यांनी आमच्या घरात जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. सोफ्यात माणूस किती खाली जातो ते येमूल काकूंना बसवून मोजपट्टीने मोजलं. काकू तेलुगूत सुनेला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. दिवाणाच्या तिरकेपणाचा कोन काढला. कूलरसमोर कोण कुठे सरकतो ते बघितलं. दोन माणसं बोलताना गुडघ्याला गुडघा लागतो तिथे वाकून पट्टी धरली. साडूंनी पाय वर घेतले. आणि हे सगळं चालू असताना शोभा त्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आणून देत होती. ती चटणी मी मागितली तर "कुटायची हाय अजून" असं उत्तर मिळतं. बिराजदारांना न मागता मिळायची, आणि ते खाऊन म्हणायचे, "वहिनी, याला पुरावा नको." माझ्या बायकोला तो विनोद इतका आवडला, की तिने तो आळीभर सांगितला. मी लग्नापासून विनोद करतोय.

मी कोपऱ्यात पेपर धरून बसायचो आणि जळायचो. पोरं गेली, मल्लू गेला, आता माझ्याच घरात माझ्याच दिवाणावर बसून हा माणूस माझी चटणी खातोय. वर माझं पहिलं काम मोजून मोजून त्याची चूक काढतोय. आता एक दिवस हा उठेल आणि सगळ्यांसमोर निकाल देईल, की माने सरांनी केलेलं सगळं चुकीचं आहे, निबंधानुसार. मी त्या दिवसाची तयारी करत होतो. काय उत्तर द्यायचं ते आंघोळ करताना पाठ करायचो.

दिवाळीला आठवडाभर राहिलेला असताना त्यांनी निकाल दिला. काकू होत्या, सून होती, साडू होते. शोभा पदराला हात पुसत पुढे येऊन उभी राहिली.

"वहिनी," बिराजदार म्हणाले, "काय बी बदलू नका."

"म्हंजे?"

"म्हंजे रंग द्या पायजे तर. फिकट पिवळा बरा. पण सोफा हाय तसा ठेवा. दिवाण सरळ करू नका. स्टूल उचलू नका. अन् घड्याळाला सेल घालू नका."

ते एवढंच बोलले, स्टुलाला अडखळले आणि गेले. शोभाचं तोंड उतरलं. साडू म्हणाले, "लई शिकलेला माणूस हाय." आणि मी? मला क्षणभर आनंद झाला. पण हेव्याने भरलेल्या माणसाला आनंद पचत नाही. अंथरुणावर पडलो आणि मला उलगडलं. हा डाव आहे. याला माझा हॉल असाच कळकट ठेवायचा आहे. दिवाळीला पोरं फराळाला येणार, आधी त्याचा हॉल बघणार, मग माझा. बंद घड्याळ, शिंपल्यांचा ताजमहाल आणि खाली जाणारा सोफा. फिकट पिवळा बरा म्हणाला तेसुद्धा मला चिडवायलाच. मी शोभाला उठवून हे सांगितलं. ती कूस बदलून म्हणाली, "पुरावा हाय का?"

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिने माझ्या हातात डबा दिला. दाणे-गुळाच्या शेंगापोळ्या होत्या. "बिराजदार सरांना दिऊन या. उद्या त्यांची सुमा येणार हाय. घरात बाईमाणूस न्हाय, कोण करणार त्यांच्याकडं?" मी लगेच निघालो. डबा द्यायची हौस नव्हती. मला तो हॉल पुन्हा एकदा बघायचा होता, आणि यावेळी तरी त्यात एखादी चूक सापडावी अशी इच्छा होती.

दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि अडखळलो. पायात स्टूल आलं होतं.

मी डबा सावरला आणि वर बघितलं. पांढऱ्या खुर्च्या नव्हत्या. तिथे सागवानी सोफा होता, जुन्या बाजारातून आणलेला, रेक्झिन एका बाजूला फाटलेलं. त्याच्यासमोर दिवाण होता, तिरका. आमचा असतो तेवढाच तिरका. एसी भिंतीवर तसाच होता, पण खिडकीत पत्र्याचा कूलर बसवलेला. दिवाळीच्या थंडीत. लपवलेले दिवे बंद होते आणि साधी ट्यूब लावलेली. कोपऱ्यात एक काचेची शोकेस. तिच्यात एका मुलीचे शाळेतले कप, रंग उडालेली मातीची मांजर आणि शेंबडी पोरगी रडत असलेला एक फोटो.

बिराजदार सोफ्याला गुडघा लावून त्याचा मधला भाग खाली दाबत होते. मला बघून उभे राहिले. चोरी पकडल्यावर पोराचं होतं तसं त्यांचं तोंड झालं.

"आजून म्हणावा तेवढा खाली जात न्हाय," ते म्हणाले. "तुमचा लई वर्सांचा दबलेला हाय. वापर पायजे. वापर कुटून आणू?"

भिंतीवर घड्याळ होतं. ते चुकीची वेळ दाखवत होतं. खाली शोकेसवर त्याचा सेल काढून ठेवला होता.

"सुमा तिथंच बगती," ते म्हणाले. "येती, बसती, चहा पिती. बाबा, तब्येत कशी हाय, म्हणती. मी सांगतो. मग ती घड्याळ बगती. मग उठती. तिची गाडी आसती संध्याकाळी, पण ती दुपारीच उठती. खुर्ची चांगली हाय, सर, मी तपासलो की. उजेड चांगला हाय. सगळं निबंधातल्यासारखं केलो. मग का उठती? लई शोधलो मी. वर्सभर शोधलो. मुलगी अँड वडील अँड घर. डेटाबेसमधे काय बी न्हाय त्याच्यावर."

त्यांनी शोकेसवरचा सेल उचलला आणि परत ठेवला.

"मग तुमच्याकडं बघितलो. रेल्वेचा माणूस गाडी चुकवतो तुमच्याकडं. मला तुमचा लई हेवा वाटतो, सर. खरं सांगतो. रोज घरी येताना जळायचो मी."

माझा कुणी हेवा केलेला मला आठवत नाही. ते ऐकायला मी आयुष्यभर टपून होतो असं म्हटलं तरी चालेल. आणि आता कानावर आलं तर मला त्यातलं काहीच घ्यावंसं वाटेना. मी त्यांच्या सोफ्याकडे बघत उभा राहिलो.

"बसा की," ते म्हणाले. "ट्रायल घेऊ."

मी बसलो. सोफा थोडासा खाली गेला, आमच्याइतका नाही. ते दिवाणाच्या कडेला बसले. गुडघ्याला गुडघा लागला. त्यांनी सवयीने खिशातल्या मोजपट्टीकडे हात नेला आणि मग हात परत घेतला. मी शेंगापोळीचा डबा उघडून मधे ठेवला. आम्ही एकेक पोळी खाल्ली. मी प्रिन्सिपॉलचं सांगितलं, की ते खरंच राजीनामा देणार आहेत. ते "पीअर" एवढंच म्हणाले आणि थांबले.

मी म्हटलं, "बिराजदार सर, एक सांगू? हॉल झाला तुमचा. उत्तम झाला. फक्त उद्या सुमा काही बोलली तर तिला पुरावा मागू नका. खोटं असलं तरी ऐकून घ्या. आमच्याकडे सगळे खोटंच बोलतात."

"याला काय..." ते म्हणाले, आणि वाक्य गिळलं. मग मान हलवली. "बरं."

बाहेर अंधार पडत आला होता. कुणाच्या तरी गॅलरीत आकाशकंदील लागला. घड्याळ बंद होतं, त्यामुळे किती वाजले ते आम्हां दोघांनाही कळत नव्हतं. ते मला सुमाच्या लहानपणचं सांगत होते, त्या रडणाऱ्या फोटोचं. सोलापूरच्या जत्रेत, गड्ड्याच्या मैदानावर, तिने पाळण्यात बसायचा हट्ट केला, बसवलं, वर गेल्यावर रडायला लागली, आणि खाली आल्यावर पाळण्यातून उतरेना. हे सांगताना त्यांनी एकदाही कुठला निबंध काढला नाही.

फोन वाजला. शोभा होती. "कुटं हाय तुमी? डबा दिऊन यायला एवढा वेळ?"

"बिराजदारांकडे बसलोय."

"मग उठा की आता. इकडं काकू आल्यात, भावजींची गाडी चुकलीय, सगळे वाट बगाय लागलेत जेवायला."

मी उठायला गेलो. सोफ्याने धरून ठेवलं. मी म्हटलं, "उठवत नाही गं."

बिराजदारांनी ते ऐकलं. त्यांच्या तोंडावर उजेड आला, आणि लगेच गेला. अभ्यासू माणूस. हळूच मला म्हणाले, "एका माणसावरनं काय सिद्ध होत न्हाय, सर."

खरं होतं ते. मी फोन पुन्हा कानाला लावला. "शोभा, ऐक. जेवण डब्यात भर आणि इकडेच ये. काकूंना आण, सुनेला आण, भाऊजींना आण. नमुना कमी पडतोय."

"काय कमी पडतंय?"

"माणसं," मी म्हटलं.

बिराजदार उठले. स्टुलाला अडखळून आत गेले आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवी कोरी सतरंजी होती, घडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. ती हातात धरून ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि मला विचारलं, "ही तुमी कुठनं कुठपर्यंत टाकता?"